पायरीवरची बाटली

बाटलीतलं पाणी चांगलं निघालं, तर अप्पांचे फायदे तीन होते. घराच्या भिंती फोडाव्या लागणार नव्हत्या. तळमजल्यावरच्या भाडेकरू टेलरबाईंचं तोंड बंद होणार होतं. आणि तिसरा फायदा सगळ्यांत गोड: ‘मी सांगितलं नव्हतं?’ असं वर्षभर म्हणत गल्लीतून हिंडता येणार होतं.

बाटली टेलरबाईंच्या ओट्यावर होती. पाणी खात्याची बाई ती नुकतीच ठेवून गेली होती. सकाळी नळाचं अगदी पहिलं पाणी भरायचं, रात्रभर पाइपात साचलेलं. शिसं असेल तर त्यातच सापडतं. भरून बाहेर पायरीवर ठेवायची, खात्याचा माणूस घेऊन जाईल. आणि जाता जाता तिने अप्पांना बजावलं होतं, “एका बाटलीवर अख्ख्या घराचा निकाल. शिसं निघालं, तर वरखाली सगळे पाइप मालकाने बदलायचे.”

“कुठाय ते तुमचं शिसं?” अप्पांनी विचारलं.

टेलरबाईंनी कात्रीचं टोक कोपऱ्याकडे केलं. एक जाड, राखाडी पाइप जमिनीतून निघून भिंतीच्या कडेने थेट छतात शिरला होता. त्यावर कात्रीने काढलेला ओरखडा चांदीसारखा चमकत होता.

“लोखंड असं चमकत नाही, अप्पा. आणि इतकं मऊही नसतं.”

“जुनं ते सोनं, बाई!”

“सोनं असतं तर तुम्ही कधीच उपटून वर नेलं असतंत.”

अप्पांनी हसण्यावारी नेलं. नजर सिंककडे वळली. सिंकखाली उरल्यासुरल्या कापडाचा फुलाफुलांचा पडदा शिवून लावला होता. बाईंना सगळं झाकून ठेवायची भारी हौस, असं त्यांच्या मनात आलं.

“वरच्या नळाचंही तपासून घ्या ना,” टेलरबाई म्हणाल्या. “घरात तान्हं बाळ आहे. शिसं उकळूनसुद्धा जात नाही म्हणतात.”

“आमच्याकडे सगळं नवंकोरं. नळ नवा, टाइल्स नव्या. येऊन बघा एकदा, डोळे दिपतील.”

“दिपतीलच. पण आम्ही शिवणारी माणसं, आधी अस्तर उलटून बघतो.”

अप्पांचा जीव त्या टाइल्समध्ये होता. सुनेनेही मागे एकदा विचारलं होतं, “बाबा, टाइल्समागे जुनाच पाइप असला तर?” अप्पा कडाडले होते, “माझ्या टाइल्सना हात लावायचा असेल, तर आधी मला चौघांच्या खांद्यावर बाहेर काढा!” सून गप्प बसली. किटली उचलून टेलरबाईंकडे निघून गेली. सून गप्प बसली, की अप्पांना जिंकल्यासारखं वाटे. तेव्हापासून ती रोजच किटली घेऊन खाली जाई. दोघींचं चहावर चांगलं जमलंय, जमू दे बापडं, असं अप्पांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा सगळ्यांच्या आधी उठले. विकतचं पाणी आणावं, असं क्षणभर मनात आलं. पण घरात एवढा लखलखीत नळ असताना पाण्याला पैसे मोजणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी नळाखाली भांडं धरलं. नियमाप्रमाणे अगदी पहिलं पाणी! लबाडी करायची, तर तीही कायद्याने.

मग ते कान देऊन बसले. खाली टेलरबाईंचं मशीन सुरू झालं. एकदा सुरू झालं की ते लवकर थांबत नसे. अप्पा जिना उतरले. पायरीवरची बाटली त्यांनी कुंडीत रिकामी केली, आपलं पाणी भरलं, झाकण घट्ट पिळलं. मशीनची खडखड जराही चुकली नाही.

निकाल सांगायला पाणी खात्याची बाई स्वतः आली. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट चढवला होता आणि अर्धी गल्ली दारात बोलावून ठेवली होती.

“शिसं आहे,” ती म्हणाली. “चालतं त्याच्या कितीतरी पट. अप्पा, पाइप सगळे बदलायचे.”

गल्लीने टाळ्या वाजवल्या. शेजारणींनी टेलरबाईंना मिठ्या मारल्या. अप्पांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते पाणी कोणाच्या नळाचं, हे त्या गर्दीत त्यांनाच ठाऊक होतं.

ते धापा टाकत जिना चढले. वर सून बाळाला पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पाजत होती. त्यांनी दुधाची बाटली हिसकावून सिंकमध्ये ओतली.

“का हो बाबा?” सून शांतपणे म्हणाली. “रिपोर्ट तर खालच्या नळाचा आहे ना?”

अप्पांनी हातोडी शोधली आणि पहिली टाइल स्वतःच्या हाताने फोडली. दुसरी फोडली. तिसरीमागून जाड, राखाडी पाइप डोकावला.

बाळाचं रक्त तपासलं, तर शिसं नावालाही निघालं नाही. डॉक्टरही चकित झाले. अप्पा दवाखान्यातच रडले आणि घरी येताना पेढ्यांऐवजी नव्या पाइपांची ऑर्डर देऊन आले. वरचं काम झपाट्याने उरकलं. मग प्लंबर खाली आला. त्याने टेलरबाईंच्या सिंकखालचा पडदा बाजूला केला.

“बाई, इथे काय बदलू? हा तर प्लास्टिकचा पाइप आहे. चांगला धडधाकट.”

“माझ्या भावाने कधीच बसवून दिलाय,” टेलरबाई म्हणाल्या. “कोपऱ्यातला तो जाड पाइप माझ्या नळाला लागत नाही. तो नुसता माझ्या घरातून वर जातो.”

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

“म्हणजे तुमच्या बाटलीतलं पाणी...”

“चांगलं होतं. कुंडी बघा ना, कशी तरारलीय!” टेलरबाईंनी सुईत दोरा ओवला. “तेच गेलं असतं, तर तुमच्या टाइल्स वाचल्या असत्या. पण माझा तुमच्यावर पूर्ण भरवसा होता, अप्पा. सकाळभर मशीन चालवत बसले, कापड न लावता.”

अप्पांनी दाराबाहेरच्या कुंडीकडे एकवार पाहिलं आणि मान खाली घातली.

“तोंड पाडू नका हो. हिशेब सरळ आहे. टाइल्स तुमच्या, खर्च तुमचा, नातूही तुमचाच. माझं गेलं ते बाटलीभर पाणी. आणि बाळाच्या दुधासाठी रोज एक किटली.”