डेक्लनच्या आजोबांची काठी

स्वानंदीच्या धाकट्या भावाचं बारसं झालं, त्या साली चंद्रहासआबा लेकीकडे आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आले. आयुष्यभर बुरूडकाम केलेला माणूस, पण नात रोज शेजारच्या म्हाताऱ्या डेक्लनकडेच. त्याचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी बांबूच्या काठीने उंच उड्या मारून पदकं जिंकायचे, तेच ती पुन्हापुन्हा ऐकायची. आबांचा जळफळाट व्हायचा. एकदा डेक्लन तीच काठी घेऊन आला. “आमच्या खेळाच्या क्लबात भिंतीवर लावायचीय, पण चिरलीय. जोडाल?” त्याचं इंग्रजी स्वानंदीने मराठीत सांगितलं. आबांनी पेरावर टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. “सांग त्याला, कुजलीय,” ते म्हणाले. स्वानंदीनेही टिचकी मारली. “आबा, कुजलेला बांबू वाजत नाही. तुम्हीच शिकवलंत.” आबांनी मान खाली घालून वेताने काठी जोडली. क्लबातल्या पाटीवर डेक्लनने आजोबांच्या नावाखाली आबांचं नाव घातलं. काठी कुजलीय असं आबा खोटं बोलले होते, हे न कळताच डेक्लन गेल्या मार्चमध्ये वारला.