माईचं बोलणं

नागपूरच्या फिल्म महोत्सवात मोनालीचा लघुपट लागला, तेव्हा काजल मैत्रिणींसोबत पहिल्याच रांगेत बसली होती. "पिक्चरसाठी बोली शिकायची गं," म्हणत मोनालीनं तिच्याकडून तिच्या आईचे, माईचे, जुने व्हॉइस मेसेज नेले होते. माईही खूश झाली होती. पडद्यावर मोलकरीण पदर खोचून फोनवर मुलीला सांगू लागली, "डॉक्टर म्हन्ते, तुये बाबा कोमात गेले. मी म्हनलं, झोपू द्या, लय थकले हायेत." सभागृह खदखदून हसलं. धंतोलीच्या दवाखान्यातून माई हेच बोलली होती, आणि बाबा उठलेच नव्हते. तेव्हा मोनालीच काजलला धरून रडली होती. तेवढ्यात माईचा मेसेज आला, "सांग वं, लोकायले आवडलं का मायं बोलनं?" काजलनं रेकॉर्डचं बटण दाबलं, पण मागं हशा चालूच होता. ती उठून बाहेर पायऱ्यांवर गेली आणि बोलली, "सारे रडले, माई."