शेक

"माय, ते शेगडी काढ वो," बाजेवरची बाळंतीण कण्हली. "जीव जाते आता."

"गुमान पडून राय. बाळंतिणीले शेक लागतेच," वच्छला लेकीवर खेकसली. तिच्या स्वतःच्या चारी बाळंतपणांत बाजेखाली निखारे होते. पण तेव्हा होळीपर्यंत गोधडी लागायची. आता होळीआधीच पत्र्याच्या घराची भट्टी झाली होती.

तिनं नातवाचं टोपडं सारखं केलं. कपाळ तव्यासारखं तापलेलं. पोर दूध ओढत नव्हतं, हातपायही हलवत नव्हतं.

वच्छलाची नजर बाजेखालच्या शेगडीवर गेली. आपल्याच हातानं नातू भाजायला घेतला होता तिनं! शेगडी पायानं अंगणात लोटून तिनं टोपडं, दुपटं ओरबाडून काढलं. माठात बुडवलेला पदर त्या उघड्या जिवावर टाकला.

"रड रे बाप्पा," ती त्याला हलवत राहिली, "एकडाव तरी रड!"