चौकटीत बसेल तेवढं

"एवढं बसत नाही, मामा," भांड्यांच्या दुकानातली पूजा कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली.

भांड्यांवर नावं घालायला आता श्रीगोंद्यातही मशीन आलं होतं. पडद्यावर एक चौकट, तिच्यात ठरावीक अक्षरं. ती संपली की कितीही बटणं दाबा, पुढे काही उमटत नाही. लांबलचक नावं पिंपाच्या गोलाईवर फाकायची, म्हणून मालकानेच तशी सोय करून घेतलेली.

भिमाजींना स्टीलच्या पिंपावर श्री, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम-पोस्ट आणि 'यांजकडून सप्रेम भेट' असं रीतसर हवं होतं. भावकीतल्या लग्नाला देतात तसं. पण पिंप जायचं होतं नागापूरला, पोटच्या निकिताच्या नव्या घरी. तिने सॅम्युएलशी लग्न केलं तेव्हापासून बापलेकीचा अबोला होता. रविवारी नव्या घरात प्रार्थना होती. भिमाजी जाणार नव्हते, पिंप टेम्पोने धाडणार होते. एवढ्यावर त्यांना आणता आणता बरोबर आलेल्या त्यांच्या बायकोच्या, गोजरबाईंच्या नाकी नऊ आले होते. परक्यासारखं ते नाव वाचून लेकीला काय वाटेल, हे त्यांना कळत होतं. पण बोलावं तर नवरा बिथरायचा आणि पिंपही राहायचं.

मुक्काम-पोस्ट गेलं. श्री गेलं. आडनाव काढताना भिमाजींचा चेहरा सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्यासारखा झाला. तरी बसेना. शेवटी वडिलांचंही नाव गेलं, तेव्हा कुठे 'भिमाजी यांजकडून सप्रेम भेट' चौकटीत मावलं.

पूजाने पडदा त्यांच्याकडे वळवला. भिमाजींनी एकेक अक्षर वाचलं.

"निस्तं भिमाजी कोन म्हनतं मला?" ते पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "ती आण्णा म्हनती. तेवढंच टाका."

"पुढं आई लावू?" पूजाने विचारलं. भिमाजींनी मान डोलावली.

गोजरबाई स्टुलावर टेकल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मशीन करकरत चाललं होतं. भिमाजी त्याच्याकडेच बघत होते.

"परार्थना किती वाजता हाय म्हनली?"

"धा वाजता."

"म्हंजी सातच्या एस्टीनं निघाया लागंल," ते म्हणाले.