घागरीवरचं नाव

महाराष्ट्र झाला त्याच साली कापसाच्या जिनिंगमधली फिटरकी सुटली आणि भगवानरावांनी घराच्या पडवीत ऐरण रोवली. गल्लीतल्या ढिल्या सांडश्या, तुटके झारे दिवसभर तिथंच नीट होत. त्या दिवशीही चार बाया सांडश्या घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात भगवानरावांची बायको मनकर्णाबाई नांदुऱ्याहून आणलेली कोरी पितळी घागर घेऊन आली.

“हिच्यावर नाव टाकून द्या.”

भगवानरावांनी छिन्नी उचलली. “कोणाचं?”

“घरधन्याचं.”

“मंग सांग ना, काय नाव त्याचं?”

लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण मनकर्णाबाईनं चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं पदर पुढं ओढला. “गोदीचा बाप, असं टाका.”

“घागरीवर असं कोणी टाकते काय? पुरं नाव घे, तवाच छिन्नी चालीन.”

बाया खुदखुदू लागल्या. मनकर्णाबाईनं घागर त्यांच्यापुढं सरकवली.

“जाऊ द्या. माह्यंच नाव टाका मंग. पर आधी तुमी ते मोठ्यानं घ्या. या साऱ्याईले ऐकू जाऊ द्या.”

भगवानरावांची छिन्नी हवेतच राहिली. त्यांनी एकवार बायांकडे पाहिलं. कान लाल झाले. मग मान खाली घालून त्यांनी जे ठोकायला घेतलं, ते अक्षरं पुरी होईपर्यंत वर पाहिलं नाही.

त्या बायांत एकट्या विमलबाईला वाचता येत होतं. तिनं घागर उन्हात धरली आणि मोठ्यानं वाचलं, “गोदीची माय.”