डब्याला दुसरा हात

"तिसऱ्यांदा फ्लश ओढलास. पाणी काय तुझ्या बापाच्या विहिरीतून येतं?"

मसूदानं संडासाच्या दारावर थाप मारली. आत तिची सून होती, सबा. लग्न होऊन बहरीनला आली त्याला आठ महिने झाले होते, आणि त्यातले सहा ती नुसती घाबरत होती. बाहेर आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले, तोंड राखेसारखं.

"पोट बिघडलंय, अम्मा."

"पोट नाही, काळीज बिघडलंय तुझं. त्या लीनाकडे जाणं आधी बंद कर."

लीना खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या इंजिनिअरची बायको. पेपरात असेल ते आणि नसेल तेही सबाला सांगे. गर्दवाले शोधायला पोलीस इथं तुबली भागात धाडी घालताहेत, दारं फोडतात, आधी मारतात, मग विचारतात. तेव्हापासून सबाचं एकच टुमणं होतं, रत्नागिरीला जाऊ.

मसूदाला ते शिवीसारखं लागे. नवरा गेल्यावर इथंच चूल मांडून तिनं मुलाला, अर्शदला, वाढवलं होतं. तुबलीच्या गराजांतले चौदा कोकणी कामगार रोज दुपारी तिच्याकडे जेवत. सही करता येत नव्हती, पण तिच्या सालनाचा वास गल्लीच्या टोकाला ओळखू येई. वाटणात पडायची खास चीज फळीवरच्या दूध पावडरीच्या एका जुन्या डब्यात असे. दर रजेला डबा गावाहून भरून येई. अठरा वर्षांत त्याला दुसरा हात लागला नव्हता.

"अम्मा, तुमचं मनगट दुखतं," हात पुसत सबा म्हणाली. "उद्यापासून वाटण मीच रात्री करून ठेवते."

मसूदानं तिच्याकडे नीट पाहिलं. ओल्या हातांकडे पाहिलं, मग फळीकडे.

"कर," ती म्हणाली.

त्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी पंगत बसली तेव्हा कोणी मोठ्यानं बोलेना. शेवटी म्हातारा मेकॅनिक खिजर बोलला.

"धाडीत आपल्या पंगतीतल्या रहिमतुल्लाचा हात मोडला, खाला. दार उघडायला उशीर केला, एवढाच गुन्हा. सलमानिया इस्पितळात प्लास्टर घालून पडलाय. खोलीत काय सापडलं? मफी!"

"ज्याच्या खोलीत काही नाही त्यानं दार लवकर उघडावं," मसूदा म्हणाली.

"आणि विमानतळावर महाडच्या एकाला धरलं. सामानात पावशेर खसखस. इथं ती पण गर्दमध्येच मोजतात म्हणे."

"गाढव मेला! अशी पिशवीत घालून आणतात का?"

सगळे हसले. सबा भात वाढत राहिली.

"अम्मा, हसायची गोष्ट नाही," अर्शद म्हणाला. "सबाला घेऊन दोन महिने गावी जा. निवळलं की या."

"आज पळाले तर उद्या हीच माणसं म्हणतील, मसूदाच्या घरात काहीतरी होतं. मी कुठं जात नाही. येऊ दे कोण येतं ते."

सबाच्या हातातला डाव ताटावर आपटला.

"नीट वाढ गं. धाड काय ताटात पडलीय?"

खिजरनं बोटं चाटली. "काही म्हणा खाला, सालन हल्ली आणखीच मस्त होतंय."

मसूदा ताठ बसली. "हात कोणाचा आहे?"

जेवणं उरकल्यावर अर्शद कपाट उघडून उभा राहिला. "गावचे काजू कुठं गेले? दोन किलो होते."

"बायकोला विचार. गाल बघ तिचे."

सबा कपाटातले मागचे डबे सरकवून बघायला लागली.

ते आले मंगळवारी, सकाळी दहाला. अर्शद कामावर होता. दुसरी थाप पडायच्या आत मसूदानं दार उघडलं. चौघे आत घुसले. गाद्या फाडल्या, पिठाचं पिंप जमिनीवर पालथं केलं. एकानं सबाला दंडाला धरून भिंतीवर ढकललं.

मसूदा पिठातून चालत गेली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"हात खाली," तिनं मोडक्या अरबीत सांगितलं. "तुला आई आहे ना? ती इथं असती तर तू असा हात टाकला असतास?"

त्याचा हात खाली आला.

तेवढ्यात साहेबानं फळीवरून दूध पावडरीचा डबा काढला. झाकण उघडलं, डबा हलवला. आत बारीक पांढुरके दाणे. त्याचा चेहरा बदलला. बाकीचे तिघे त्याच्याभोवती गोळा झाले. त्यानं चिमूट तळहातावर घेतली, बोटानं पसरली, जिभेला लावली.

सबानं डोळे मिटले. मसूदा साहेबाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, ताट पुढं ठेवल्यावर खिजरच्या तोंडाकडे बघायची तशी.

त्यानं चावलं. थुंकला.

"क्या है?"

"सुजी," सबा म्हणाली. आवाज बारीक होता, पण फाटला नाही.

साहेबानं डबा भिरकावला. "खलास. यल्ला."

जिन्यावरचे बूट खाली उतरून गेले. सबा पिठातच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मसूदानं घरंगळलेला डबा उचलला, आतून बाहेरून पुसला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला.

"डरपोक म्हणत होते तुला, तो शब्द परत घेते. आजपासून हा डबा तुझा. पण माझी खसखस संडासात ओतलीस ती ओतलीस, बदली रवा तरी भाजून भरायचास गं! कच्च्या रव्यानं सालनाची खळ होते. तीन आठवडे फजरला उठून, तुला कळू न देता, काजू वाटून घालतेय मी त्यात."