उरलेलं नाव

म्हातारे वकील बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा वाटाघाटीच्या समितीचा कारकून चार मजले चढून वर आला. धाप लागून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने खुर्चीत अंग टाकलं आणि खिशातली यादी पुढे केली. सव्वीस नावं, त्यातली पंचवीस खोडलेली. काही लाल शाईने, काही निळ्या, आणि पाच जणांच्या नशिबी दोन्ही रंग.

"करार कोणी लिहायचा ते ठरलं वाटतं," वकील म्हणाले.

"ठरतंय कसलं! उरलं म्हणा. दोन्ही बाजूंनी बंद पाकिटात जास्तीत जास्त पंधरा नावं खोडून द्यायची होती. प्राध्यापक गेले, संपादक गेले, न्यायाधीश दोघांनीही उडवले. तुम्ही तेवढे राहिलात."

"मी? अहो, मला तर दोघेही पाण्यात पाहतात."

"म्हणूनच तर! यांना वाटलं ते खोडतील, त्यांना वाटलं हे खोडतील. आपली एक फुली कशाला वाया घालवायची? पाकिटं फोडली तेव्हा एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण नवी यादी करायचं त्राण कोणातच नाही, साहेब. शनिवारी शस्त्रसंधी संपतेय."

वकिलांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "मागचा करार मीच लिहिला होता. नऊ महिने टिकला."

"त्याआधीचा नऊ दिवस टिकला होता," कारकून म्हणाला.

वकील बादलीतला सदरा पिळत राहिले. मागच्या वेळी सगळं जमलं होतं, फक्त पुलावर पहारा कोणाचा, एवढंच अडलं होतं. वाटाघाटींच्या अठराव्या दिवशी सगळे इतके दमले, की वकिलांनी लिहून टाकलं, 'पुलाबाबत दोन्ही बाजू सामोपचाराने निर्णय घेतील.' सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून सह्या केल्या. पुढे निर्णय बंदुकांनी घेतला, आणि त्या दुपारी पुलावर जी बस होती ती त्यांचा जावई चालवत होता. त्या वाक्यावरून लेक त्यांना कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटायचं.

"दुसरं कोणी बघा," ते कारकुनाला म्हणाले. "माझ्यात आता दम नाही."

लेक आतून आली. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. तिने त्यांच्या हातातला सदरा घेतला.

"बाबा, तुम्ही जा."

"कोणत्या तोंडाने जाऊ गं?"

तिने सदरा झटकून दोरीवर टाकला. मग एकेक चिमटा लावला.

"दुसरा कोणीही गेला, तरी पुलापाशी येऊन दमणारच," ती म्हणाली. "आणि दमला की ते वाक्य लिहून मोकळा होईल. तुमच्याच्यानं ते आता लिहवणार नाही."